टूरिंगची सायकल निवडताना: आधी अंगाची मापे, मग फ्रेमची

मूळ धागा

गेल्या वर्षी तीन आठवड्यांच्या सायकलप्रवासाला मी घरात होती त्याच सायकलवर निघालो. ती वेगासाठी बनवलेली सायकल आहे आणि रोज सकाळी दोन तास फिरायला मला ती अतिशय आवडते. जी दोन तासांत कधी खुपली नाही ती दिवसभरही खुपणार नाही, असे मी धरून चाललो होतो. मागच्या कॅरिअरवर १६ किलो सामान होते. सहाव्या दिवशी सकाळी शर्टाची बटणे लावताना उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाल्याचे लक्षात आले. बटण बोटांत धरलेले डोळ्यांना दिसत होते, पण बोटांना ते कळत नव्हते. प्रवास पूर्ण केला, मात्र बोटांत पूर्ण संवेदना परत यायला घरी आल्यावर पाच आठवडे लागले. मानही शेवटचे काही दिवस इतकी आखडली होती की मागून येणारे वाहन पाहण्यासाठी मला सायकल थांबवावी लागे.

आता मी खास टूरिंगसाठी सायकल घेणार आहे आणि या वेळी घाई करायची नाही असे ठरवले आहे. माझी उंची १७२ सेंटिमीटर आहे. दुकानात दोन सायकली पाहिल्या. पहिलीचा स्टॅक (पेडलच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या टोकाची उंची) ५६५ मिलिमीटर आणि रीच (त्याच टोकाचे आडवे अंतर) ३९५ मिलिमीटर आहे, मागच्या चाकापर्यंतची चेनस्टे नळी ४२५ मिलिमीटरची आहे आणि सर्वांत हलक्या गिअरला पुढे ३४ व मागे ३४ दाते आहेत. दुसरीचा स्टॅक ६२० आणि रीच ३८०, चेनस्टे ४५५ मिलिमीटर, आणि सर्वांत हलका गिअर पुढे २४ व मागे ३४ दात्यांचा आहे. दोन्हींवर 'मध्यम' असेच माप लिहिलेले आहे, आणि माझ्या उंचीला मध्यम माप बरोबर बसते असे विक्रेत्याने सांगितले. दोन्हींवर मी दहा-दहा मिनिटे फेरी मारली. पहिली जास्त आवडली, कारण ती पायाखाली चटकन पळते. मात्र माझ्या जुन्या सायकलनेही पहिल्या दहा मिनिटांत हेच केले होते, म्हणून मला स्वतःच्या आवडीवर भरवसा ठेवावासा वाटत नाही. आकड्यांवरून नेमके काय समजून घ्यावे, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद १

दहा मिनिटांच्या फेरीवर भरवसा ठेवावासा वाटत नाही, हे आपण लिहिले ते फार योग्य आहे. टूरिंगची सायकल पाचव्या तासाला, सामानासह आणि थकलेल्या अंगाने कशी वाटते यावर जोखायची असते. दुकानाच्या दारात ते कळणे शक्य नसल्यामुळे मापे घेऊन हिशेब करणे भाग पडते.

पहिली गोष्ट अशी की 'लहान, मध्यम, मोठे' हे शब्द आणि एकट्या उंचीवरून सांगितलेले माप बाजूला ठेवावे. १७२ सेंटिमीटर उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. ज्याचे पाय लांब त्याचे धड आखूड असते, म्हणून त्याला सीट उंच आणि हँडल जवळ लागते. पूर्वी वरची नळी आडवी असे, तेव्हा सीटच्या नळीच्या लांबीवरून फ्रेमचे माप बऱ्यापैकी समजत असे. वरची नळी मागे उतरती झाल्यापासून त्या मापाला फारसा अर्थ उरलेला नाही.

पायांचे माप असे घ्यावे: अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभे राहावे. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये, त्याचा कणा वर आणि एक कड भिंतीला टेकलेली, असे धरून वर ओढावे. सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका दाब जाणवला पाहिजे. बहुतेक जण येथे संकोचतात आणि माप दोन सेंटिमीटरने कमी भरते. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून जमिनीपासूनचे अंतर मोजावे, आणि तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

हे माप हाती आले की सीटच्या उंचीसाठी दोन जुने हिशेब आहेत. एकात पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणतात. येणारा आकडा म्हणजे क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्यांच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. हा हिशेब ग्रेग लेमाँड या शर्यतपटूच्या नावाने ओळखला जातो. दुसरा १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या हॅम्ली आणि थॉमस यांच्या प्रयोगांवरून आला आहे. त्यात पायाच्या मापाच्या १०९ टक्के अंतर खाली आलेल्या पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत धरतात. दोन्ही आकडे आरंभासाठी आहेत. तळव्याची जाडी, पाऊल पेडलवर ठेवण्याची सवय आणि मांडीमागच्या स्नायूंचा ताठरपणा यांप्रमाणे एखादा सेंटिमीटर खाली-वर करावाच लागतो. आपले पायाचे माप कळवावे, म्हणजे दोन्ही फ्रेमचा हिशेब येथेच मांडता येईल.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण सांगितले तसे तीन वेळा मोजले. पहिल्यांदा ८०.५ आले, कारण मीही संकोचलोच होतो. नंतर दोन्ही वेळा ८२ सेंटिमीटर आले. क्रँक दोन्ही सायकलींना १७० मिलिमीटरचा आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे पुढचे उत्तर

८२ ला ०.८८३ ने गुणले की ७२.४ सेंटिमीटर येतात. ८२ चे १०९ टक्के म्हणजे ८९.४, त्यातून क्रँकचे १७ वजा केले की पुन्हा ७२.४. आपल्या पायांच्या आणि क्रँकच्या मापाला दोन्ही हिशेब जुळतात, म्हणून ७२.४ वर निश्चिंतपणे आरंभ करावा.

आता फ्रेमकडे पाहू. स्टॅक म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, आणि रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर. सीटची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते, म्हणून आपल्या ७२.४ सेंटिमीटरची उभी उंची सुमारे ६९२ मिलिमीटर होते. दिवसभराच्या प्रवासासाठी हँडल सीटच्या पातळीला किंवा किंचित वर असावे, अशी माझी शिफारस असते. शर्यतीच्या सायकलवर ते बरेच खाली असते, आणि आपली मान आखडली ती बहुधा त्यामुळेच. धड जितके पुढे झुकते तितकी पुढचा रस्ता पाहण्यासाठी मान मागे वळवावी लागते.

पहिल्या सायकलवर ५६५ च्या स्टॅकवर बेअरिंगचे झाकण, उंची वाढवणाऱ्या ३० मिलिमीटर जाडीच्या कड्या आणि ९० मिलिमीटरचा स्टेम (हँडल धरणारा जोड) वर तोंड करून उलटा लावला, तरी हँडलची मध्यरेषा ६६४ च्या आसपास येते. म्हणजे सगळे उपाय वापरून संपल्यावरही हँडल सीटपेक्षा जवळजवळ ३ सेंटिमीटर खाली राहते. दुसऱ्या सायकलवर तेवढ्याच कड्या ठेवून, स्टेम न उलटवता, हँडल ७०१ ला येते, म्हणजे सीटच्या पातळीपेक्षा किंचित वर. हवे तर खाली आणायला जागा आहे. ज्या सायकलवर आपल्याला हवी ती स्थिती मधोमध येते आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक उरते, ती फ्रेम आपल्या मापाची. जिच्यावर ती टोकाला जाऊन जेमतेम येते किंवा येतच नाही, ती आपल्या मापाची नाही, मग तिच्यावर काहीही लिहिलेले असो.

रीचबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हेडट्यूब मागे कललेली असल्यामुळे हँडल वर चढवले की ते मागेही येते. दर सेंटिमीटरला सुमारे ३ मिलिमीटर. पहिल्या सायकलचे हँडल दुसरीच्या उंचीवर, म्हणजे ५५ मिलिमीटर वर नेले, तर तिचा ३९५ चा रीच ३७७ होतो, आणि दुसरीचा तर ३८० आहेच. कागदावर पहिली दीड सेंटिमीटर लांब दिसते. एकाच उंचीवर मोजल्यास दोन्ही सारख्याच निघतात. रीचचे आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना केली की माणूस चुकतो. स्टॅक वेगळे असतील तर आधी ते एका पातळीवर आणावेत आणि मगच रीच पाहावा. पहिलीवर ५५ मिलिमीटरच्या जादा कड्या बसवणे मात्र शहाणपणाचे नाही; स्टेम ज्यावर बसतो ती फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) दांडी तितकी लांब बहुधा नसतेच, आणि असली तरी तेथे ताण फार येतो.

प्रतिसाद २

वरील हिशेब उत्तम आहे. मला हातांविषयी लिहायचे आहे, कारण हा त्रास मी दोन हंगाम सोसला आहे.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे म्हणजे अल्नर नावाच्या नसेवर दाब येणे. ही नस करंगळीच्या बाजूने, मनगटाजवळच्या एका अरुंद मार्गातून तळहातात शिरते, आणि हँडलवर आपण भार टाकतो तो नेमका तेथेच. अंगठा आणि तर्जनी बधिर होत असतील तर दाब दुसऱ्या नसेवर असतो आणि उपायही वेगळे पडतात. आपल्याला पाच आठवडे लागले हे वाचून काळजी वाटली. बोटांची ताकद कमी झालेली जाणवत असेल, चिमटीत किल्ली धरून फिरवणे जड जात असेल, तर सायकल घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या हंगामात मी हातमोजे बदलले, हँडलवर दुहेरी टेप गुंडाळली, जेलच्या मुठी लावल्या. हातांवर भार का येतो, हे पाहिलेच नव्हते. माझी सीट खूप पुढे सरकवलेली होती. हँडल लांब वाटते म्हणून मीच ती पुढे घेतली होती, आणि ती पुढे घेतल्यामुळेच माझे अंग हातांवर कलत होते. उभे राहून पुढे वाकताना आपण तोल सावरायला कंबर मागे नेतो. सायकलवरही तसेच आहे. कंबर पावलांच्या पुरेशी मागे असेल तर पेडल मारताना पाय धड उचलून धरतात. नसेल तर ते काम हातांच्या वाट्याला येते.

याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मध्यम जोराने पेडल मारताना, हँडलवरील दोन्ही हात धड जराही न हलवता बोटभर वर उचलावेत. अंग जागेवर राहिले तर सीटची जागा बरोबर आहे. अंग पुढे कोसळू लागले तर सीट पाच-पाच मिलिमीटरने मागे न्यावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा तपासावे. सीट मागे नेताना ती पेडलपासून किंचित लांबही होते, म्हणून दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावी लागते. सीटचे नाक खाली झुकलेले नाही ना, हेही पाहावे. झुकलेले असेल तर आपण सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. मी सीट एकूण १८ मिलिमीटर मागे नेली आणि हँडल सीटच्या पातळीला आणले. जेलच्या मुठी तेव्हापासून कपाटात आहेत.

हँडल कोणते घ्यावे याबद्दल मी एवढेच म्हणेन की हात ठेवायला किमान तीन जागा असाव्यात. सरळ हँडलवर एकच जागा मिळते. त्याला टोकाशी लहान शिंगे जोडली तर दोन होतात. वेगाच्या सायकलीचे वळलेले हँडल टूरिंगसाठीही उत्तम, पण त्याचा खालचा भागही सहज वापरता येईल इतक्या उंचीवर ते बसवलेले असावे. खालच्या भागाला वर्षभरात हात लागलाच नसेल, तर हँडल फार खाली आहे असे समजावे. फुलपाखरासारखे वळलेले हँडलही लांबच्या प्रवासाला चांगले, मात्र ते बसणाऱ्याकडे वळत असल्याने फ्रेमचा रीच थोडा जास्त असलेला चालतो.

प्रतिसाद ३

माझी उंची १५४ सेंटिमीटर आहे, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. या धाग्यावर पुढे येणाऱ्या कमी उंचीच्या वाचकांसाठी लिहून ठेवते.

लहान मापाच्या फ्रेमवरही उत्पादक पुष्कळदा ६२२ मिलिमीटर रिमची, म्हणजे ज्याला ७०० सी म्हणतात ती मोठीच चाके लावतात. फ्रेम आखूड आणि चाक मोठे असले की वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो. वेगात हे होत नाही, कारण तेव्हा हँडल इतके वळवावेच लागत नाही. मात्र सामान लादून चढावर हळू जाताना, विशेषतः चढावरच्या वळणावर, बूट चाकात अडकून मी एकदा सामानासकट आडवी झाले आहे. मडगार्ड लावले की ही अडचण आणखी वाढते.

यातून वाट काढण्यासाठी काही कारखाने लहान फ्रेममध्ये सीटची नळी जास्त उभी करतात. त्यामुळे वरच्या नळीचे माप कागदावर आखूड दिसते, पण प्रत्यक्षात सीट पुढे आलेली असते. सत्तर सेंटिमीटर उंचीच्या सीटला एक अंशाने सुमारे १२ मिलिमीटरचा फरक पडतो. मग सीट मागे न्या, की हँडल पुन्हा लांब. वरच्या प्रतिसादात सांगितलेला हातांचा त्रास आम्हा कमी उंचीच्या लोकांना जास्त होतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

खरा उपाय लहान चाकांचा आहे. २६ इंची, म्हणजे ५५९ मिलिमीटर रिमची चाके लहान फ्रेमला शोभतात, मजबूत असतात, आणि त्यांमुळे हँडल खाली-वर करायला जागा मिळते. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या गाजलेल्या टूरिंग सायकलीत लहान मापांना २६ इंची आणि मोठ्या मापांना ७०० सी चाके दिलेली असत, ती याच कारणाने. ५८४ मिलिमीटरची चाकेही चालतात. टायर घेताना मात्र इंचांवर जाऊ नये, कारण २६ इंच या एका नावाखाली वेगवेगळ्या व्यासांच्या रिमा आहेत; टायरच्या बाजूवर छापलेला तीन अंकी मिलिमीटरचा आकडा पाहूनच घ्यावा.

प्रतिसाद ४

सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आकड्यांचा हिशेब आवश्यक आहे, पण त्यातून सायकल आरामदायी होईलच असे नाही. मी चार फ्रेमवर लांबचे प्रवास केले आहेत, आणि माझ्या अनुभवात आरामाचा मोठा वाटा टायरचा आहे. फ्रेम पोलादाची असली की ती धक्के शोषते, असे नेहमी सांगितले जाते. पोलाद ॲल्युमिनिअमच्या जवळजवळ तिप्पट ताठर आहे आणि जवळजवळ तिप्पट जडही. पोलादी फ्रेम थोडी लवचीक वाटते ती तिच्या नळ्या बारीक असतात म्हणून. तरीही दोन त्रिकोणांची कोणतीही फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते. २८ मिलिमीटरचा टायर काढून ४२ चा लावला आणि हवा कमी ठेवली की जो फरक पडतो, तो फ्रेमचा धातू बदलून कधीच पडणार नाही. पोलाद मी निवडतो ते टिकाऊपणासाठी, आणि कॅरिअरचे स्क्रू बसवण्याच्या जागा त्यावर भक्कम जोडलेल्या असतात म्हणून.

त्यामुळे फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो, तोही मडगार्डसकट, हा प्रश्न मी स्टॅकच्या बरोबरीने विचारतो. मूळ धाग्यात याचा उल्लेख नाही. दुकानात जाऊन पाहून यावे. हवेच्या बाबतीत माझी रीत अशी आहे की पूर्ण सामानासह सायकलवर बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबला पाहिजे. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून मागे हवा जास्त भरावी लागते. दोन्ही टायरांत सारखीच हवा भरणे ही फार पसरलेली चूक आहे, आणि त्यात पुढचा टायर उगीच टणक राहून सगळे हादरे मनगटांत येतात.

दुसरी गोष्ट टाचेची आहे. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्या) लावल्यावर टाच मागे जाताना पिशवीला लागते की नाही, हे रिकाम्या सायकलवर कळत नाही. ४२५ मिलिमीटरच्या चेनस्टेवर मोठा बूट घालणाऱ्याची टाच पेडलच्या प्रत्येक फेरीत पिशवीला घासते. मग पिशवी मागे सरकवावी लागते, भार मागच्या आसाच्याही मागे जातो आणि उतारावर सायकल शेपूट हलवू लागते. ४५५ वर हा प्रश्न सहसा येत नाही. आपल्या पहिल्या सायकलीत मला सर्वांत खटकले ते हे, हँडलच्याही आधी.

प्रतिसाद ५

माप आणि चाक यांच्या नात्याचा उल्लेख झाला म्हणून एक जुनी गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. उंच चाकाच्या सायकलींच्या काळात पेडल थेट पुढच्या चाकालाच असत, त्यामुळे चाकाचा व्यास स्वाराच्या पायांच्या लांबीवरून ठरे. थॉमस स्टीव्हन्स १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ अखेर योकोहामाला पोहोचला, तो ५० इंची चाकाच्या कोलंबिया सायकलवर. पृथ्वीप्रदक्षिणेचा तो पहिला सायकलप्रवास मानला जातो. पायांपेक्षा मोठे चाक घेणे तेव्हा शक्यच नव्हते, कारण पेडलपर्यंत पाय पोहोचत नसत. १८८५ मध्ये स्टार्ली यांची रोव्हर नावाची सायकल आली, मागच्या चाकाला चेन आली, आणि चाकाचा व पायाच्या लांबीचा संबंध तुटला. त्या सोयीबरोबर न बसणारी सायकल चालवण्याची सोयही झाली, असे मला नेहमी वाटते.

आता मूळ प्रश्नातील गिअरबद्दल, कारण गुडघ्यांचा आराम त्यावर आहे. ७०० सी चाकाचा घेर सुमारे २.१५ मीटर असतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल तेवढीच, म्हणजे २.१५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी ७.७ किलोमीटर वेग होतो. सामान लादलेल्या सायकलने लांब, खड्या चढावर सामान्य स्वाराचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरच राहतो. म्हणजे पहिल्या सायकलवर तेथे फेऱ्या मिनिटाला चाळीस-पंचेचाळीसवर येतील आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावर फार जोर पडेल. पुढे २४ दाते असतील तर एका फेरीत १.५२ मीटर, आणि ६० फेऱ्यांना ताशी ५.५ किलोमीटर. याच गिअरवर तासभर चढत राहता येते. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट खाली आहे का ते आधी पाहावे. मागच्या बाजूने दुखत असेल तर ती वर गेली आहे का, ते.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले याबद्दल मनापासून आभार. दुकानात पुन्हा गेलो आणि या वेळी माझ्या दोन्ही पिशव्या बरोबर नेल्या. त्यांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून वजन १६ किलो केले. विक्रेत्याने आधी थोडी नाराजी दाखवली, पण दोन्ही सायकलींना कॅरिअर लावून दिले.

सीट दोन्हींवर ७२.४ ला लावून घेतली. पहिलीवर निघाल्यावर पेडलच्या तिसऱ्याच फेरीला उजवी टाच पिशवीला लागली, आणि पुढे ती प्रत्येक फेरीत लागत राहिली. रिकाम्या सायकलवर जो चटपटीतपणा मला आवडला होता, तोच सामानासह अस्थिरपणा झाला. हँडलवरचा एक हात काढून खूण करणेही अवघड वाटले. दुसरी सायकल रिकामी असताना मला सुस्त वाटली होती. सामान लादल्यावर मात्र ती सरळ रेषेत जाऊ लागली, आणि मान न आखडता मागे वळून पाहता आले. मी तिच्यावर पाऊण तास फिरलो. हात उचलण्याची परीक्षा आरंभी जमली नाही. सीट आधी पाच आणि मग आणखी पाच मिलिमीटर मागे नेल्यावर जमली. तिच्यात मडगार्डसह ४५ मिलिमीटरचा टायर मावतो.

एक शंका उरली आहे. तिची सीट फार मऊ आणि रुंद आहे. पाऊण तासात ती सुखाची वाटली, पण शेवटी मांड्यांच्या आतल्या बाजूला घासल्यासारखे झाले. ती ठेवावी का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांचे उत्तर

ठेवू नये. मऊ सीटमध्ये बैठकीची हाडे रुततात, आणि मग भार हाडांवर न राहता मधल्या नाजूक भागावर येतो. पहिल्या तासाला जी सीट गादीसारखी वाटते, तिच्यावर चौथ्या तासाला बसवत नाही.

घरी टणक स्टुलावर नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून, पावलांखाली काही घेऊन गुडघे किंचित वर येतील असे बसावे आणि थोडे पुढे झुकावे. अर्ध्या मिनिटाने उठून पुठ्ठ्यावर बोट फिरवले की हाडांचे दोन खळगे लागतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजावे आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवावेत. तेवढ्या रुंदीची, मध्यम टणक, नाकाकडे लवकर निमुळती होणारी सीट पाहावी. हँडल सीटच्या पातळीला असताना किंचित रुंद सीट लागते, हे ध्यानात ठेवावे. ताणलेल्या चामड्याची सीट मला स्वतःला सर्वांत मानवली. ब्रूक्स कंपनीची बी १७ हे तिचे परिचित उदाहरण. पण ती अंगवळणी पडायला काही शे किलोमीटर लागतात आणि पावसात तिला झाकावे लागते. नवी सीट प्रवासाच्या किमान महिनाभर आधी लावावी.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

सायकल घेताना एक गोष्ट विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावी. स्टेम ज्या दांडीवर बसतो, ती फोर्कची दांडी पुष्कळ ठिकाणी जोडणी करताना नीटस दिसावी म्हणून कापून टाकतात. कापलेली दांडी पुन्हा लांब होत नाही. हँडल खाली घ्यायचे झाले तर वरच्या कड्या स्टेमच्या वर ठेवता येतात. दिसायला ते बरे दिसत नाही, पण पहिले पाच-सहाशे किलोमीटर सामानासह होईपर्यंत आपल्याला नेमकी कोणती उंची मानवते हे ठरत नसते. त्या काळात एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावा. सीटपोस्टवर योग्य उंचीला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला, तर वाहतुकीसाठी सायकल सुटी केल्यावर तीच उंची परत मिळते.

धागाकर्त्याचे उत्तर

दुसरी सायकल आज पक्की केली. दांडी कापायची नाही आणि सुट्या कड्या माझ्याकडे द्यायच्या, हे पावतीवरच लिहून घेतले आहे. पुठ्ठ्यावर माझे माप १२२ मिलिमीटर आले, म्हणून १४५ ते १५० मिलिमीटरची सीट शोधतो आहे. सायकल शनिवारी हाती येईल. रविवारी सकाळी पूर्ण सामान लादून साठ किलोमीटरवर जाणार आहे. बोटांचे काय होते ते आल्यावर येथेच लिहीन.